साखळीएवढं अंगण

अचलपूरच्या जुन्या वस्तीत सकाळी सहाला निघालं की कुत्र्यांचे दोन संसार शेजारीशेजारी दिसतात. वेशीच्या दरवाजाशी, चहाच्या टपरीसमोर, बंद दुकानांच्या ओट्यांवर गावठी कुत्री अंग ताणत उठत असतात. एखादं चार पावलं जातं, खांब हुंगतं, दुसऱ्याला भेटतं आणि परत येऊन वेटोळं करून निजतं. फाटकाच्या आत, जिन्याखाली, मोटारसायकलीच्या बाजूला, दोन हात साखळीला एखादं लॅब्रडोर नाहीतर अल्सेशियन बांधलेलं असतं. बाहेरचं कुत्रं समोरून गेलं की हे मागच्या पायांवर उभं राहतं, गळपट्टा रुतेपर्यंत ओढ घेतं आणि आवाज बसेस्तोवर भुंकतं. घरच्यांना त्याचं कौतुक असतं. पाहुण्यांना सांगतात, "लय तेज हाये."

आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याला मी एकदा विचारलं, "दादा, याले दिवसभर काहून बांधता?" तो म्हणाला, "दिवसा सोडलं त रात्री भुकत नाही, भौ. बांधून ठेवा लागते." ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. साऱ्या वऱ्हाडात ती वडिलांकडून मुलाकडे चालत आली आहे. पाळलेल्या कुत्र्याला किती हिंडवावं, त्याच्या डोक्याला काय काम द्यावं, हा विचार करायचा तर आपल्याकडे या साखळीपासूनच सुरुवात करावी लागते.

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेली एक गोष्ट आधी सांगतो. कुत्र्याला फिरवणं ही आपल्या देशात मालकाच्या मर्जीची बाब नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन पोटकलमं लागोपाठ आहेत. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, असं एक सांगतं. दुसरं खास कुत्र्यासाठीच लिहिलेलं आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं वाजवी व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हा. या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची चिकाटी होती. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या बाई १९५२ मध्ये राज्यसभेत आल्या आणि प्राण्यांसाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं. सरकारचा कायदा त्यातून पुढे आला. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या काळी ही रक्कम बोचणारी असेल. आज तेवढ्यात कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडाही येत नाही. दंड कालबाह्य झाला, पण कलम जागेवर आहे. इतर देशांत नियम अधिक नेमका होत गेला. स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर काढावं लागतं. जर्मनीच्या कृषिमंत्र्यांनी २०२० मध्ये दिवसातून दोनदा, मिळून किमान तासभर फिरवण्याचा मसुदा मांडला, तेव्हा त्या देशात घरोघरी वाद झाले.

तासभर कशासाठी, अर्धा तास का नाही? मालक पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात. माझ्या मते घड्याळ आणि किलोमीटर यांत अडकलं की मुद्दा हातचा जातो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी गेली कित्येक वर्षं भारतातल्या मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. ही कुत्री दिवसाचा वेळ कशात घालवतात याची नोंद त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. कुणीही न बांधलेलं, स्वतःच्या मनाचं मालक असलेलं हे कुत्रं दिवसाचा बराच भाग नुसतं पडून असतं. धावपळ थोडी, भांडणं त्याहून थोडी. म्हणजे कुत्र्याला सतत पळवत ठेवलं पाहिजे असं काही नाही. फाटकातलं कुत्रंही पडूनच असतं आणि रस्त्यावरचंही. फरक उरलेल्या काही तासांचा आहे. रस्त्यावरचं कुत्रं त्या तासांत कुठं जायचं ते स्वतः ठरवतं, अन्न शोधतं, ओळखीच्यांना भेटतं, नको असलेल्याला टाळतं. बांधलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या दिवसातून व्यायामाआधी निवड निघून गेलेली असते, आणि साखळी ताणून केलेली ती आरडाओरड बहुतेक वेळा या कोंडीतून येते.

आमच्या घरी काळी नावाची गावठी कुत्री आहे. तिच्या पहिल्या वर्षी आम्हीही तिला बांधत असू. तिनं दाराची चौकट कुरतडली, तुळशीपाशी हातभर खड्डा केला, आणि पुढं पुढं स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरू लागली. ती फिरली की मुलं टाळ्या वाजवायची. तो खेळ नव्हता हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याच त्या येरझारा, शेपटीचा पाठलाग, पंजा चाटून चाटून जखम करणं, ही डोकं रिकामं राहिल्याची लक्षणं असू शकतात. कधी त्यामागे त्वचेचा किंवा पोटाचा आजार असतो, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवावं. दुखणं नसेल, तर मात्र औषध फाटकाबाहेर आहे.

फाटकाबाहेर पहिली पाळी येते ती नाकाची, पायांची त्यानंतर. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १२ ते ३० कोटी. नुसता आकडाच मोठा आहे असं नाही, नाकाची रचनाही वेगळी आहे. आत घेतलेल्या हवेचा एक हिस्सा श्वासासाठी फुफ्फुसाकडे जातो आणि दुसरा वेगळ्या वाटेनं मागच्या गंधकक्षात शिरून तिथं रेंगाळतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. एका सेकंदात चार-पाच वेळा हुंगत कुत्रं विजेच्या खांबाशी उभं राहतं, तेव्हा इथून कोण गेलं, कधी गेलं, मादी माजावर होती का, हे सगळं ते वाचत असतं. अशा वेळी आपण दोरीला हिसका देतो आणि "चाल ना" म्हणून ओढतो. हातातलं वर्तमानपत्र कुणी हिसकावून घ्यावं, तसंच ते.

या हुंगण्याचा मनावर काय परिणाम होतो, हे शार्लोट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एका छोट्या प्रयोगात तपासलं. घरगुती कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज लपवलेला खाऊ नाकानं शोधायला दिला. दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकवलं. प्रयोगाच्या आधी आणि दोन आठवड्यांनंतर एकच चाचणी घेतली. खोलीच्या एका बाजूच्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूची नेहमी रिकामी, हे कुत्र्यांना ठाऊक करून दिलं. मग वाटी मधोमध ठेवली. तिथं खाऊ असेल की नसेल? हुंगणारा गट आधीपेक्षा लवकर त्या वाटीकडे जाऊ लागला, जणू काही चांगलंच मिळेल अशा भरवशानं. शिस्तीत चालणाऱ्या गटात फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण दोन्ही गटांना मालकाचा वेळ मिळाला, दोघांनाही खाऊ मिळाला. शोधण्याची आणि ठरवण्याची मोकळीक मात्र एकाच गटाला होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोजच्या फेरीतली निदान पंधरा मिनिटं कुत्र्याच्या नाकाच्या मागं चालावं, दोरी सैल सोडून. अंतर कमी पडलं तरी चालेल.

जातीचं म्हणाल, तर प्रत्येक जात कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवली गेली आणि ते काम रक्तात उरलं आहे. आपल्या शेजारच्या रिद्धपूरशी नातं असलेल्या महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त सशाची एक लीळा आहे: पारध्यांनी पैज लावून सशावर कुत्री सोडलेली, आणि तो ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीही या मुलखात पळण्याच्या जोरावर पैज लागेल अशी कुत्री होती. आजची कारवानी, पश्मी, कर्नाटकातल्या मुधोळचं ते प्रसिद्ध कुत्रं (२००५ मध्ये टपाल खात्यानं त्यावर तिकीट काढलं) ही त्याच धाटणीची: लांब पाय, खोल छाती, पळत्या वस्तूवर खिळणारी नजर. अशांना कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत आठवड्यातून दोन-तीनदा जीव खाऊन पळू द्यावं लागतं. एरवी ती घरात अगदी शांत असतात. अल्सेशियन १८९९ पासून जर्मनीत मेंढ्यांच्या राखणीसाठी घडवलं गेलं. त्याला कामाविना ठेवलं की ते मुलांनाच मेंढरं समजून घोट्याशी हुसकतं. लॅब्रडोरची गोष्ट निराळी आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रडोरांत एक जनुकीय बिघाड असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. ते कुत्रं ताटाशी येऊन दीनवाणं बघतं ते ढोंग नसतं, त्याला खरोखर भूक वाटत असते. आपण पोळी टाकत जातो, फिरवत नाही, आणि पाच वर्षांत त्याचे गुडघे जातात. त्याच्या वाटणीचं अन्न वाढवू नये, पण तेच अन्न शोधून खायला लावावं.

हस्कीबद्दल मात्र मी स्पष्टच सांगेन. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारं ते कुत्रं वऱ्हाडात आणू नये. पिल्लाच्या निळ्या डोळ्यांवर भुलून पैसे मोजले जातात आणि मग ते बारा वर्षं कूलरपुढे काढतं.

कारण आपल्याकडे सगळा हिशेब शेवटी उन्हाशी येऊन थांबतो. एप्रिलच्या मध्यापासून पारा ४२-४३ वर जातो, मे महिन्यात ४५ ला टेकतो. पंजाच्या गाद्या सोडल्या तर कुत्र्याला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं, त्यातून ओलावा उडवणं, हाच त्याचा निवारा. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. चपट्या नाकाच्या पगला तर धाप टाकायलाही पुरेशी जागा नाही. म्हणून उन्हाळ्यात फेरी पहाटे पाच ते साडेसहा, आणि मग रात्री नऊनंतर. संध्याकाळी सातला हवा जरा बरी वाटते, पण डांबर अजून दिवसभराची धग सोडत असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजावे. मोजता आले नाहीत तर कुत्र्याला त्या रस्त्यावरून नेऊ नये.

कूलरचंही एक सांगायला हवं. खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीतली हवा दमट होते आणि दमट हवेत धाप टाकून ओलावा उडत नाही. आपल्याला घाम पुसता येतो, कुत्रं आतल्या आत तापत राहतं. एक खिडकी उघडी ठेवली, हवा वाहती राहिली, की हाच कूलर त्याला वाचवतो. तोंडातून चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लटपटणारे पाय दिसले तर आधी साध्या पाण्यानं अंग भिजवावं, पंख्याखाली घ्यावं, आणि मगच गाडीत घालून दवाखाना गाठावा. उलट क्रमात वेळ जातो आणि जीवही.

मग दिवसाचे एवढे तास त्यानं काय करायचं? इथं नाकाचं काम फार उपयोगी पडतं, कारण त्याला ऊन लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दुकानात मिळणारी महागडी खेळणी मी आणून पाहिली आहेत. त्यांच्याइतकंच काम जुनं बारदान करतं. भाकरीचे तुकडे पसरून बारदान गुंडाळावं, एक सैल गाठ मारावी, आणि कुत्र्याला उलगडू द्यावं. घमेल्यात स्वच्छ कुटार घेऊन त्यात फुटाणे टाकले की ते वीस मिनिटं मान वर करत नाही. पातळ ताक डब्यात गोठवून द्यावं, चाटत बसतं. सुरुवातीला सोपं ठेवावं. जमलं नाही तर कुत्रं चिडतं किंवा सोडून देतं. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेलं हाड मात्र कुठल्याही खेळात नको. काळीला तर आता तिच्या जेवणातला निम्मा भाग शोधूनच मिळतो. आधी ताटली अर्ध्या मिनिटात रिकामी व्हायची आणि दिवस रिकामाच राहायचा.

शिकवणं हाही मेंदूचा व्यायाम आहे, फक्त पाच-पाच मिनिटांचा असावा. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की हिसके देऊन, ओरडून शिकवलेली कुत्री अधिक तणावात राहतात आणि अनिश्चित गोष्टीकडे अधिक निराशेनं बघतात. काठी दाखवणाऱ्यांना यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

शहर सोडून वावराकडे वळलं की चित्र बदलतं. अचलपूर, चांदूरबाजारच्या संत्र्याच्या बागांत जागलीला कुत्रं असतंच. लोक म्हणतात, त्याला काय कमी, चोवीस तास मोकळी हवा! पण पुष्कळदा ते तिथंही मचाणाच्या खांबाला बांधलेलं असतं, आणि माणूस रात्री घरी येतो. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आहेत, पलीकडे १९७३-७४ पासूनचा मेळघाट व्याघ्रप्रकल्प. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. ज्यानं राखण करायची त्यालाच आपण ताटात वाढून ठेवतो. रात्री त्याला जाळीच्या मजबूत खोपीत घ्यावं, किंवा माणूस सोबत असावा.

पण सोडून देणं हेही या भागात उत्तर होत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला वीजप्रवाह माणसांचे जीव घेतो, तिथं कुत्र्याचं काय? फवारणी झालेल्या कपाशीतून ते हिंडून आलं आणि पंजे चाटले की विष पोटात जातं. बाहेरून आल्यावर पाय धुणं हा फेरीचाच भाग समजावा. आणि जंगलाच्या कडेला मोकळं कुत्रं हरणांच्या पाडसांमागे लागतं, शिवाय रोगही नेतं. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांत डिस्टेंपर हा मुख्यतः कुत्र्यांत आढळणारा विषाणू सापडला. म्हणून लसी पूर्ण, आणि आठ-दहा मीटरचा सुती दोर. एवढ्या दोरावर कुत्र्याला हवं तिथं जाता येतं आणि आपल्या हातातूनही ते सुटत नाही. पावसाळ्यात परतल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघावी. इथल्या कुत्र्यांचे बरेचसे ताप तिच्यापासूनच येतात.

गावात फिरवताना भटक्या टोळीची भीती असते. ती खरीच आहे. टोळीची हद्द ओळखून वाट बदलावी, छोट्या कुत्र्याला झटकन उचलून घेऊ नये, पळू नये. बिच्छन नदीकाठची वाट किंवा शकुंतला रेल्वेच्या रिकाम्या रुळांची कड सकाळी बरी पडते. परतवाड्याकडचे रस्ते जुन्या लष्करी छावणीच्या काळापासून त्या मानानं मोकळे. आणि अचलपूर हे सगळ्या धर्मांचं, दाट वस्तीचं गाव आहे. अनेक घरांत कुत्र्याचा स्पर्श, त्याची लाळ चालत नाही; वजू करून नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्याला आपल्या कुत्र्याचं नाक लागता कामा नये. अरुंद गल्लीत दोरी आखूड धरून बाजूला उभं राहायला दहा सेकंद लागतात, आणि घाण उचलायला आणखी वीस. हे पाळलं तरच इथं कुत्रा हिंडवणाऱ्याला वाट मिळेल.

वयाचं थोडक्यात. स्कॉट आणि फुलर या अभ्यासकांनी १९६५ मध्येच सांगून ठेवलं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखीचं करून घेतं. या काळात लसीआधी जमिनीवर सोडता येत नसेल, तर कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, मुलं दाखवावी. मोठ्या जातीच्या पिल्लांना जिने चढू देऊ नयेत: नॉर्वेतल्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष अधिक आढळला, तर मऊ जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल अमेरिकेतल्या १५ हजारांवर कुत्र्यांच्या २०२२ च्या पाहणीत हालचाल नसणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सहापटींहून जास्त दिसला. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पाहणीवरून ठरत नाही. विसरभोळं झालेलं कुत्रंही बसूनच राहतं. पण बीगल जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांवर दोन वर्षं चाललेल्या प्रयोगात नवी कोडी, सोबत, फिरणं आणि पोषक आहार मिळालेल्या कुत्र्यांची शिकण्याची ताकद टिकून राहिली. बारा वर्षांच्या कुत्र्याला फार चालवत नसेल, तरी त्याला ओट्यावर नेऊन वाऱ्याकडे तोंड करून बसवावं. नाक सगळ्यात शेवटी थकतं.

त्या शेजाऱ्याकडे मी पुन्हा गेलो होतो. वाद घालायचा नव्हता. एवढंच म्हणालो, महिनाभर करून बघा. त्यानं साखळी काढून लांब दोर बांधला, पोरगा पहाटे कुत्र्याला नदीकडे नेऊ लागला, दुपारी म्हातारी आई कुटारात फुटाणे टाकू लागली. पहिले आठ दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. कुत्रं रात्री गप झालं होतं. नंतर एका सकाळी फाटकाशी भेटला.

"आता कमी भुकते, भौ," म्हणाला. "पन भुकलं का मी उठतो."